ट्रिव्हियल म्हणजे कोणता रोग व्हय बाप्पा?

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, यवतमाळ-दारव्हा रोडवरून आमच्या गावाकडं रस्ता वळतो त्या फाट्यावर. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, सातबारा, केवायसी, आणि बोर्डावर न लिहिलेलं एक काम म्हणजे लोकांनी आणलेले इंग्रजी कागद वाचून सांगायचे. त्याचे पैसे मागता येत नाहीत कारण येणारा माणूस ओळखीचाच असतो, फार तर समोरच्या टपरीवरून चहा येतो. तर या कामापायी एक शब्द माझ्या डोक्यात असा बसलाय की म्हटलं एकदा लिहूनच टाकू. शब्द आहे ट्रिव्हियल. डिक्शनरीत बघाल तर एका ओळीत काम संपतं, क्षुल्लक, बिनमहत्त्वाचं, झालं. पण त्या एका ओळीच्या भरवशावर पुढं गेलात तर तीन-चार ठिकाणी तरी आपटाल, मी आपटलोय म्हणून सांगतो.

पहिला कागद एका काकाजींचा. सत्तरीच्या आसपासचे, छातीत धडधड होते म्हणून पोरानं यवतमाळला नेऊन टू-डी इको काढून आणला, ती फाइल घेऊन फाट्यावर उतरले ते सरळ दुकानात. रिपोर्टवर खाली एका ओळीत लिहिलं होतं, ट्रिव्हियल टीआर. बाकी सगळं नॉर्मल. काकाजींनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "पाय बरं बाप्पा, हा ट्रिव्हियल कोणता रोग व्हय? डॉक्टर म्हणे काही नाही, गोळी बी नाई देल्ली. काही नाही त मंग लिहिलं काऊन?"

आता हा जो शेवटचा प्रश्न आहे ना, काही नाही तर लिहिलं काऊन, यात सगळा शब्द आला. मी डॉक्टर नाही, पण या रिपोर्टांची भाषा बघून बघून माहीत झालीय. टीआर म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूला वरच्या आणि खालच्या कप्प्यामध्ये जी झडप असते तिच्यातून थोडं रक्त मागं जाणं. आणि ते किती जातं याच्या पायऱ्या असतात, ट्रिव्हियल, माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर. ट्रिव्हियल ही सगळ्यात खालची पायरी, धडधाकट माणसांतही मशीनवर भरपूर वेळा दिसते, म्हणून डॉक्टर त्याच्यावर काही करत नाहीत. काकाजींना मी विहिरीवरच्या मोटरपंपाचं सांगितलं. पंपाच्या पाइपाला खाली जो व्हॉल्व असतो, ज्याला आपल्याकडं सगळे फुटबॉल म्हणतात, तो नवा कोरा असला तरी त्यातून एखाद-दुसरा थेंब मागं जातोच, पण पंप काही पाणी ओढणं सोडत नाही आणि तुम्ही काही मिस्त्री बोलवत नाही. तसं. काकाजी म्हणाले, "मंग तसं लिहायचं ना, थेंब जाते म्हणून." बरोबरच होतं त्यांचं.

म्हणजे ट्रिव्हियल म्हणजे शून्य नव्हे. आहे, दिसलं, नोंद केली, पण त्याच्यासाठी काही करायची गरज नाही असं बघणाऱ्यानं ठरवलं. शेवटचा भाग लक्षात ठेवा, बघणाऱ्यानं ठरवलं, कारण पुढं तोच कामाला येतो.

आता शब्द आला कुठून. ही गोष्ट मला फार आवडते कारण माझं दुकानच तिच्यात आहे. मूळ लॅटिन. ट्राय किंवा ट्रि म्हणजे तीन, आपल्या त्रि-चाच सख्खा भाऊ, त्रिशूळ त्रिकोण मधला. आणि पुढचा व्हिया म्हणजे वाट. हा व्हिया तर तुम्ही रोज वापरता, यष्टीच्या बोर्डावर यवतमाळ-कारंजा व्हाया दारव्हा असं असते ना, तोच व्हाया. त्रि आणि व्हाया, तीन वाटा जिथं मिळतात ती जागा म्हणजे ट्रिव्हियम. अर्थात फाटा. एक रस्ता इकडून, एक तिकडून, एक गावात. आणि ट्रिव्हियालिस म्हणजे फाट्यावरचं, फाट्यावर मिळणारं, कोणालाही मिळणारं, रोजचं. रोमन लोकांच्या काळात फाट्यावर काय असणार, जे माझ्या दुकानासमोर असते तेच, येणारे-जाणारे, टाइमपास करणारे, कोणाची पोरगी कुठं दिली आणि कोणाची म्हैस मेली. तिथली गोष्ट म्हणजे चारचौघांची गोष्ट, तिला काही भाव नाही. त्यातून पुढं सरकत सरकत शब्दाचा अर्थ साधारण, आणि मग बिनमहत्त्वाचा इथपर्यंत आला.

रोमन लोकांची एक देवी पण होती, डायना, तिला ट्रिव्हिया असंही नाव होतं, तीन वाटांची देवी. हे वाचलं तेव्हा हसू आलं कारण आमच्या फाट्यावर पण अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधी लिंबू, कुंकू, भाताचा गोळा बाजूला सारावा लागतो. तीन वाटा दिसल्या की माणसाला काहीतरी सुचतंच, रोम काय आणि दारव्हा काय.

आणि गंमत बघा, मराठीनं पण असाच प्रवास केला पण वेगळ्या दिशेला. चव्हाटा म्हणजे चार वाटा जिथं मिळतात ते. चव्हाट्यावर आणलं म्हणजे सगळ्यांसमोर आणलं, अब्रू काढली. म्हणजे लॅटिनवाल्यांना वाटा मिळतात तिथली गोष्ट किरकोळ वाटली आणि आपल्याला तीच भयंकर वाटली, लोक काय म्हणतील म्हणून. आणि हल्लीची पोरं जे म्हणतात, फाट्यावर मारणे, ते तर थेट ट्रिव्हियलच, महत्त्वच द्यायचं नाही. हा वाक्प्रचार कुठून आला ते सोडा, बायाबापड्यांसमोर चर्चा करण्यासारखं नाही ते, पण फाटा आणि बेपर्वाई यांची गाठ इथं पण पडली हे खरं.

मधल्या काळात युरोपातल्या शाळांनी हाच शब्द उचलला. तिथं शिक्षणाचे सात विषय ठरलेले होते. पहिल्या टप्प्यात तीन, व्याकरण, तर्कशास्त्र आणि वक्तृत्व, या तिघांना मिळून ट्रिव्हियम म्हणत. दुसऱ्या टप्प्यात चार, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल, त्याला क्वाड्रिव्हियम, म्हणजे शब्दशः चव्हाटाच की हो. इंग्रजीत ट्रिव्हियल शब्द पहिल्यांदा शिरला तो या शाळेच्या अर्थानं, आणि बिनमहत्त्वाचं हा अर्थ इंग्रजीत रुळला सोळाव्या शतकाच्या शेवटाकडं. पहिल्या टप्प्याचे विषय म्हणून सोपे, म्हणून ट्रिव्हियल, असं बरेच जण सांगतात, पण लॅटिनमध्ये साधारण, रोजचं हा अर्थ शाळेच्या आधीपासून होता, त्यामुळं मी फाट्याची बाजू घेतो. माझा धंदा आहे तिथं.

हा जुना, बाजारातला अर्थ अजून एका ठिकाणी जिवंत आहे आणि तिथं ट्रिव्हियलचा अर्थ क्षुल्लक केला की सत्यानाश. केमिस्ट्रीत. तिथं ट्रिव्हियल नेम असा शब्द आहे. एका पोराच्या नोट्सची झेरॉक्स काढताना दिसलं, त्यानं मार्जिनमध्ये पेन्सिलनं लिहिलेलं, क्षुल्लक नाव. अरे क्षुल्लक नाही रे बाबा, ट्रिव्हियल नेम म्हणजे व्यवहारातलं नाव, लोक ज्या नावानं ओळखतात ते. आमच्याकडं वरुड-मोर्शीपासून इकडं सगळीकडं संत्रावाले बोर्डो मिश्रण करतात, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, एक टक्का मिश्रण झालं. आता कृषी केंद्रात जाऊन कोणी कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट द्या म्हणतं का? मोरचूद द्या म्हणतात. मोरचूद हे ट्रिव्हियल नेम, चुना हे पण, नवसागर पण, तुरटी पण. मोठं नाव ऐकून रेणूत कोणकोणते अणू किती आहेत ते कळतं, मोरचूद म्हटलं की दुकानदाराला कळतं. दोन्ही नावं आपापल्या जागी पक्की.

झाडांच्या नावांत पण हेच झालं. स्वीडनचा लिनियस, त्यानं १७५३ साली वनस्पतींना दोन शब्दांची नावं सरसकट लावली, त्याआधी एकेका झाडाचं शास्त्रीय नाव म्हणजे लॅटिनमधली अख्खी ओळ असायची. त्या दोन शब्दांतल्या दुसऱ्या शब्दाला तो म्हणायचा ट्रिव्हियल नाव, म्हणजे सोयीचं, हाक मारायचं. आपल्या शेतातला आताचा कापूस गॉसिपियम हिर्सुटम, हिर्सुटम म्हणजे लव असलेला, आणि जुना देशी कापूस गॉसिपियम आर्बोरियम, म्हणजे झाडासारखा. यातलं हिर्सुटम आणि आर्बोरियम हे लिनियसच्या भाषेत ट्रिव्हियल. आता सांगा, याच एका शब्दानं ओळखू येतं की शेतात अमेरिकन कापूस आहे का देशी, तो क्षुल्लक कसा?

बरं, आता मराठीकडं येऊ, कारण भाषांतर करताना खरी अडचण तिथं होते. आपल्याकडं या एका शब्दासाठी पोतंभर शब्द आहेत आणि एकाची जागा दुसरा घेत नाही. क्षुल्लक म्हटलं की वर्तमानपत्राचा वास येतो, "क्षुल्लक कारणावरून हाणामारी", दर आठवड्याला एक तरी बातमी असते, इंग्रजी पेपरात तिथं बरोब्बर ट्रिव्हियल इश्यू लिहिलेलं असतं. किरकोळ त्याहून मऊ, किरकोळ दुखापत, किरकोळ कुरबूर, आणि किरकोळमध्ये तुच्छता नाही, गुरुजी लोक किरकोळ रजा टाकतात, माणूस अंगानं किरकोळ असतो. फालतू मध्ये राग आहे. क्षुद्र मध्ये माणसाचा स्वभाव येतो, क्षुद्र मनाचा. नगण्य मध्ये मोजमाप येतं. पोरखेळ, किडूकमिडूक, सटरफटर, बारीकसारीक, मामुली, हे सगळे आपापल्या कामाचे. आणि आमचा विदर्भातला लाडका चिल्लर. आमच्याकडं दुकानाच्या पाटीवर ठोक व चिल्लर विक्रेते असं लिहितात, पुण्याकडचा पाहुणा हसतो, त्याला वाटते चिल्लर म्हणजे सुट्टे पैसेच, पण इथं चिल्लर म्हणजे किरकोळ विक्री, आणि चिल्लर गोष्ट म्हणजे ट्रिव्हियल मॅटर, याहून जवळचा शब्द मला तरी सापडला नाही.

क्षुल्लक वरून एक आठवलं. कारंजाला जैनांचं मोठं ठाणं आहे, तिकडचा एक पाहुणा दुकानात पत्रिकेची झेरॉक्स काढायला आला, पत्रिकेवर एका महाराजांच्या नावाआधी क्षुल्लक लिहिलेलं, आणि दुकानातलं एक पोट्टं फिस्सकन हसलं, म्हणे महाराजांलेच क्षुल्लक म्हणते. पाहुण्यानं शांतपणे सांगितलं की दिगंबर परंपरेत मुनी व्हायच्या आधीची ती पायरी आहे, क्षुल्लक दोन वस्त्रं ठेवतात, त्याच्या पुढचे ऐलक एकच. शब्दाचा मूळ अर्थ लहान, एवढाच, त्यात हिणवणं नाही. पोट्टं गप. मी पण मनातल्या मनात गप, कारण मलाही नव्हतं माहीत.

इंग्रजीत या शब्दाचे भाऊबंद पण आहेत आणि लोक त्यांचा काला करतात. पेटी घ्या. फ्रेंच भाषेत लहानाला पेती म्हणतात तिथून आला. आपल्याकडं रोडच्या कामावर पेटी कॉन्ट्रॅक्टर असतो ना, मोठ्या ठेकेदाराच्या हाताखालचा, लोकांना वाटते हा पेटी घेऊन फिरतो, नाहीतर पेटी म्हणजे लाख रुपये पोचवतो म्हणून पेटी कॉन्ट्रॅक्टर. दुसरं कधी कधी खरंही असेल पण शब्दाचा अर्थ नुसता छोटा ठेकेदार. तोच पेटी माणसाच्या वागण्याला लावला की अर्थ क्षुद्र होतो, दोन रुपयांसाठी भांडणारा. ट्रिव्हियल मात्र सहसा माणसाला लावत नाहीत, गोष्टीला लावतात, बाब, चूक, तपशील, भांडण, कारण, यांना. मग पॉल्ट्री. हा रकमेसाठी, अगदीच तुटपुंजी रक्कम, कीव यावी एवढी. एकदा इंग्रजी पेपरात शेतकऱ्यांना पॉल्ट्री मदत असं होतं आणि एक जण खूश, म्हणे कोंबड्या देऊन राहिले का. कोंबड्यांच्या पोल्ट्रीचं स्पेलिंग वेगळं राजा. मायनर म्हणजे दोघांतला लहान, त्याच्यात बिनमहत्त्वाचं असं काही नाही, कॅनॉलच्या मायनरला, म्हणजे त्याच्या लहान फाट्याला, पाणी आलं नाही तर टोकाच्या शेताचा हरभरा जातो, सांगा त्याला मायनर आहे म्हणून. निग्लिजिबल म्हणजे हिशोबात धरलं नाही तरी चालेल एवढं कमी. आणि फ्रिव्हलस, हा कोर्टाच्या बातम्यांत येतो, फ्रिव्हलस याचिका, म्हणजे उथळ, दम नसलेली, कोर्टाचा वेळ खाणारी. ट्रिव्हियल गोष्ट लहान असते, फ्रिव्हलस गोष्ट कितीही मोठी असो, ती करणारा गंभीर नसतो.

आता गणित. इथं शब्द एकदम वेगळीच टोपी घालून येतो आणि मला वाटते खरी मजा इथंच आहे, ज्यांना गणिताचं नाव काढलं की पोटात गोळा येतो त्यांनी पण वाचा, सोपं आहे.

बीएस्सीची एक पोरगी पुस्तकाची पानं झेरॉक्स करायला येते. तिनं विचारलं, "भाऊ, सर म्हणतात ट्रिव्हियल सोल्युशन सोडून बाकीचं काढा. क्षुल्लक उत्तर म्हणजे चुकीचं उत्तर का?" नाही. उलट ते शंभर टक्के बरोबर असतं. असं समजा दोन समीकरणं आहेत, २क्ष + ३य = ० आणि ४क्ष + ६य = ०. क्ष शून्य आणि य शून्य टाका, दोन्ही सुटतात. पण त्यात तुम्ही काय केलं? काहीच नाही. उजवीकडं शून्य असलेलं असलं कोणतंही समीकरण आणा, शून्य टाकलं की ते सुटणारच, समीकरण न वाचता सुटणार. याला म्हणतात ट्रिव्हियल सोल्युशन. आता क्ष ला ३ आणि य ला उणे २ टाकून बघा, ६ वजा ६ शून्य, १२ वजा १२ शून्य, हे पण बरोबर आलं, आणि हे काढायला समीकरण बघावं लागलं. हे नॉन-ट्रिव्हियल.

पोरीला तरी नीट उमजेना. मग तिला शेतीचं विचारलं. शेतीत यंदा एक रुपयाचा तोटा होऊ द्यायचा नाही, उपाय सांग. ती विचार करत बसली, बियाणं, फवारणी, मजुरी. म्हटलं सोपं आहे, पेरूच नको. तोटा शून्य. उत्तर चुकीचं आहे का? नाही. कामाचं आहे का? तेही नाही. हे ट्रिव्हियल सोल्युशन. ती जोरात हसली आणि म्हणाली, "माहे बाबा दरवर्षी हेच म्हणतात." त्यानंतर तिला तो शब्द मला समजावून सांगावा लागला नाही.

असंच भागाकाराचं. कोणत्याही संख्येला १ नं आणि स्वतःनं भाग जातोच, ते ट्रिव्हियल विभाजक, कोणी विचारत नाही. ९१ ला ७ नं आणि १३ नं भाग जातो, हे शोधावं लागतं. फर्मा नावाच्या फ्रेंच माणसाचं प्रसिद्ध कोडं होतं, दोन घन मिळून तिसरा घन होतो का, चौथा घात, पाचवा घात, कोणताही. एक संख्या शून्य धरली तर लगेच होतो, शून्याचा घन अधिक पाचाचा घन बरोबर पाचाचा घन, ट्रिव्हियल, त्याला कोणी मोजलंच नाही. शून्य सोडून एकही उत्तर नाही हे सिद्ध करायला साडेतीनशे वर्षं लागली, अँड्र्यू वाइल्सनं केलं, १९९५ मध्ये छापून आलं. आणि रीमान नावाच्या जर्मन माणसानं १८५९ साली जे कोडं टाकलं त्यात तर शून्यांचेच दोन प्रकार (जो आकडा टाकल्यावर त्याच्या सूत्राचं उत्तर शून्य येतं, त्या आकड्याला तिथं झिरो म्हणतात), उणे २, उणे ४, उणे ६ असे जे सरळ रांगेत येतात ते ट्रिव्हियल झिरो, आणि बाकीचे नॉन-ट्रिव्हियल, ते सगळे एकाच रेषेवर आहेत का हे अजून कोणाला सिद्ध करता आलं नाही. दहा लाख डॉलरचं बक्षीस लागलंय त्यावर २००० सालापासून. म्हणून गणितात आणि कॉम्प्युटरवाल्यांत कोणी नॉन-ट्रिव्हियल म्हटलं की समजायचं, इथं डोकं लावावं लागते. माझा भाचा पुण्यात हिंजवडीला आहे, दुकानाच्या बिलाचं सॉफ्टवेअर बिघडलं तेव्हा फोनवर म्हणाला, "मामा ते ट्रिव्हियल आहे, पाच मिनिटांचं काम." दिवाळीत आला आणि अख्खा रविवार त्याच्यातच गेला, वहिनीनं चकल्या तिथंच नेऊन दिल्या. तो ट्रिव्हियल म्हणाला त्याचा अर्थ सोपं, आणि सोपं कोणासाठी, तर आधी माहीत असलेल्यासाठी. मास्तर लोक पण फळ्यावर दोन ओळी गाळून म्हणतात ना, हे तर उघडच आहे, आणि वर्गातल्या चाळीस पोरांपैकी एकाला पण उघड नसते.

ट्रिव्हिया हा शब्द पण यातलाच, मुळात अनेकवचन पण हल्ली एकवचनासारखा पण चालतो. माहितीचे सुटे तुकडे. १९७९ मध्ये कॅनडातल्या दोन पत्रकारांना यावर एक बोर्ड गेम सुचला, ट्रिव्हियल परस्यूट, तो तिकडं तुफान चालला आणि शब्द घराघरात गेला. आपल्याकडं ट्रिव्हियावर तलाठी भरती होते. अभ्यासिकेतली पोरं वन-लायनर पाठ करतात, माझ्याकडं त्या पुस्तकांच्या झेरॉक्सचे गठ्ठे निघतात, महाराष्ट्रात जिल्हे किती, ३६. एका मार्कानं नाव लिस्टमधून जातं तेव्हा तो ३६ ट्रिव्हियल राहत नाही.

कायद्यात काय आहे ते पण बघू. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दोघांची जुंपली होती, शेजारी शेजारी शेत, एकानं नांगरताना हातभर धुरा आत घेतला म्हणून. वकिलाच्या नोटिशीत इंग्रजीत होतं की माझ्या अशिलाला ट्रिव्हियल कारणासाठी त्रास दिला जातोय. ज्याला नोटीस आली त्याला मी वाचून सांगितलं की तुमच्या भांडणाला त्यांनी चिल्लर म्हटलंय. माणूस असा भडकला की मलाच वाटलं आपण शब्द दुसरा वापरायला पाहिजे होता. "हातभर धुरा दरसाली खाते तो, दहा वर्षात तास जाते माह्या, अन हे चिल्लर?"

आणि मजा म्हणजे कायद्यानं खरंच लहान गोष्टींसाठी एक कलम ठेवलंय. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ते ९५ वं कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली तिच्यात ३३ वं. सार असं की झालेली इजा जर इतकी किरकोळ असेल की साधारण समजुतीचा आणि साधारण स्वभावाचा माणूस तिची तक्रारच करणार नाही, तर तो गुन्हा धरायचा नाही. हा कायदा लिहायला घेतला होता मेकॉलेच्या आयोगानं, त्यांच्या टिपणात उदाहरणं दिलीत ती वाचण्यासारखी आहेत. नियमाप्रमाणं बघाल तर दुसऱ्याच्या दौतीत आपली लेखणी बुडवणं ही चोरी. घोडा दौडवत जाताना कोणाच्या अंगावर धुरळा उडवला तर तो हल्ला. गाडीत चढताना कोणाला रेटलं तर ती दुखापत. असं धरत बसलो तर आमची सकाळची साडेआठची यष्टी रोज पन्नास जणांना आत टाकेल. म्हणून हे कलम. पण यात मोजपट्टी काय, तर साधारण समजुतीचा माणूस. मिलिमीटर नाही, रुपये नाही. कोर्ट प्रत्येक वेळी बघतं, कोणी, कोणाला, कुठं, कोणत्या हेतूनं केलं. तीच थप्पड दोन दोस्तांत वेगळी आणि भर बाजारात वेगळी.

म्हणून इंग्रजीत हा शब्द वापरताना एवढं सांभाळा. स्वतःच्या गोष्टीला ट्रिव्हियल म्हणा, नम्रपणा दिसतो. तिसऱ्याच्या गोष्टीला म्हणा, बातमी होते. समोरच्याच्या गोष्टीला त्याच्या तोंडावर म्हणाल तर ते भांडणाचं आमंत्रण, टीव्हीवर दोघं भांडताना एक जण म्हणतो ना, माझ्या मुद्द्याला ट्रिव्हियलाइज करू नका, म्हणजे मी सांगतोय ते तू मुद्दाम लहान करून दाखवतोयस. आणि सोपं या अर्थानं वापरायचा तर गणित किंवा कॉम्प्युटरच्या गप्पांतच वापरा, एरवी लोक बिनमहत्त्वाचंच समजतात. अर्जात, साहेबाला लिहिताना, आपली मागणी ट्रिव्हियल आहे असं तर चुकूनही नको, एकानं तसं लिहून आणलं होतं, त्याला म्हणायचं होतं की मागणी फार मोठी नाही, मी तिथं स्मॉल करून दिलं.

शेवटचा कागद इंग्रजी नव्हताच. डिसेंबरात एक जण कापसाची कच्ची पावती घेऊन आला, पेनानं खरडलेली. कापूस वीस क्विंटल, भाव सात हजार, आणि क्विंटलमागे एक किलो कडता, म्हणजे वजनातून कापलेलं. त्यानं तिथं विचारलं की कडता कशाचा, तर काट्यावरचा माणूस म्हणाला, एवढ्या चिल्लर गोष्टीसाठी काय वाद घालता भाऊ, मागं गाड्यांची लाइन लागली. लाइन होती हे खरं, म्हणून हा गप बसला. दुकानात येऊन म्हणाला, कॅल्क्युलेटरवर लाव बरं. लावलं. वीस किलो गुणिले सत्तर रुपये, चौदाशे. वीस किलो वेचायला एका बाईचा दिवस कमी-जास्त जातोच, तो पण त्यानं तिथंच बोटांवर मोजला. मग म्हणाला याले लॅमिनेशन मारून दे. म्हटलं कच्ची पावती आहे, कुठं चालणार नाही, लॅमिनेशन कशाले? म्हणे, "चालवाची नाही ना, भिंतीले लावाची हाय."